हिपॅटायटिस सीचा व्हायरस फक्त लिव्हरमध्येच वाढतो की रक्ताच्या पेशींतही?

लिव्हरमध्ये. तिथल्या पेशींच्या सायटोप्लाझममध्ये, न्यूक्लियसमध्ये शिरतसुद्धा नाही. पण "रक्ताच्या पेशींतही का" हे तुम्ही विचारलंत आणि त्याच प्रश्नात माझ्या पीएचडीचं दीड वर्ष गेलंय, म्हणून लिहितेय.

या व्हायरसचा आरएनए पॉझिटिव्ह स्ट्रँडचा, म्हणजे ज्यावरून थेट प्रोटीन बनतं त्या धाग्याचा. तो पेशीत नुसता सापडला तर काहीच सिद्ध होत नाही, रक्तातून वाहत येऊन चिकटलेलाही असेल. कॉपी निघायच्या आधी निगेटिव्ह स्ट्रँड, म्हणजे त्याचा पूरक उलटा धागा, बनावा लागतो, म्हणून सगळे तोच शोधतात. आम्ही पेशंटच्या पांढऱ्या पेशींत शोधला आणि पहिल्याच जेलवर यूव्हीखाली बँड (सापडल्याची खूण असलेला पट्टा) असा लख्ख केशरी दिसला की सर म्हणाले, लिहायला घे. मला पटेना. दुसऱ्या दिवशी आरटीच्या, म्हणजे आरएनएवरून डीएनए बनवायच्या, वेळी एका ट्यूबमध्ये प्रायमर (कॉपी जिथून सुरू होते तो छोटा तुकडा) घातलाच नाही, बाकी सगळं तेच, आणि तरी बँड आला, तितकाच लख्ख! म्हणजे आरएनए स्वतःवरच दुमडून प्रायमरचं काम करत होता आणि आम्ही पॉझिटिव्हलाच निगेटिव्ह समजत होतो. सर म्हणाले कंटॅमिनेशन असेल, पण पाण्याचा कंट्रोल, म्हणजे आरएनएऐवजी नुसतं पाणी घातलेली ट्यूब, स्वच्छ होता, चार वेळा केलं, चारही वेळा तेच. मग टॅगवाला (ओळखीची शेपटी जोडलेला) प्रायमर आणि ७० डिग्रीला, जिथे आरएनएची घडी टिकत नाही, काम करणारं एन्झाइम वापरलं तेव्हा रक्तपेशींतला बँड गेला तो गेलाच, लिव्हर बायोप्सीतला मात्र जागेवर. तो रिझल्ट कुठेच छापला नाही, अजून डाचतं.

लिव्हरच का, तर मायक्रोआरएनए-१२२ नावाचा छोटा आरएनए तिथे भरपूर असतो आणि या व्हायरसचं त्याच्यावाचून अडतं. ट्रान्सप्लांटनंतर नव्या लिव्हरलाही लागण होते, म्हणून दुसरीकडे साठा असणारच, असं सर म्हणायचे. अहो, ऑपरेशनच्या वेळी रक्तात फिरत असलेला व्हायरस त्याला पुरेसा आहे! पेपर वाचताना आधी बिना-प्रायमरचा कंट्रोल शोधा, नसेल तर बाजूला ठेवा, लिहिणारा कितीही मोठा असो.

हां, एक सांगायचं राहिलं, जपून केलेल्या कामातही काही पेशंटच्या, विशेषतः सोबत एचआयव्ही असलेल्यांच्या, रक्तपेशींत निगेटिव्ह स्ट्रँड सापडल्याचे रिपोर्ट आहेत, त्यामुळे "कधीच नाही" असं मी म्हणणार नाही. पण सापडतो तो अगदी थोडा, लिव्हरच्या जवळपासही नाही.