पितळी नळी किती कापावी?

प्रश्न : मी गेली काही वर्षे व्हर्जिनियात राहतो आणि अमेरिकी यादवी युद्धाच्या काळातील बंदुकांच्या नेमबाजीत भाग घेतो. माझ्याकडे स्मिथ कार्बाइन या आखूड बंदुकीची इटलीत बनलेली प्रतिकृती आहे. तिच्यासाठी दारू-गोळी भरायच्या, काडतुसाच्या पंचवीस पितळी नळ्या घेतल्या, परंतु नळी घातल्यावर बंदूक पुरती मिटत नाही. एक मित्र म्हणतो, जोर लावून मिटवा, चार बारांत नळी आपोआप बसेल. दुसऱ्याने स्वतःच्या नळीचे माप देऊन तेवढीच कापा, असे सांगितले. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, व्हर्जिनिया

उत्तर : कृपया दोघांचेही ऐकू नका. पहिल्या मित्राचा सल्ला तर धोक्याचा आहे. ही बंदूक मधोमध मोडून उघडते आणि मिटल्यावर बंदुकीच्या पुढच्या लांब नळीवरची पोलादी पट्टी मागच्या भागावरील खुंटीत अडकते. तेवढ्या एका पट्टीवर सारी भिस्त असते. लांब नळी दाबून मिटवली तर पट्टी अर्धवट बसण्याची शक्यता राहते आणि तशा स्थितीत बार उडाला तर बंदूक आपल्या चेहऱ्याजवळ उघडू शकते.

गिल्बर्ट स्मिथ यांना या रचनेचे पेटंट १८५७ मध्ये मिळाले. आपल्याकडे दातांनी तोडायच्या काडतुसांवरून उठाव पेटला, तेच हे वर्ष. स्मिथ यांचे काडतूस मात्र तोडावे लागत नसे. गटापर्चाच्या रबरासारख्या वेष्टनासह ते तसेच आत जाई आणि बाहेरच्या टोपीची, म्हणजे घोड्याच्या आघाताने पेटणाऱ्या छोट्या धातूच्या टोपणाची, ठिणगी त्याच्या बुडाच्या भोकातून दारूपर्यंत पोहोचे. या बंदुकीत काडतुसाची पोकळी, म्हणजे चेंबर, अर्धी बंदुकीच्या लांब नळीत आणि अर्धी मागच्या भागात असते, त्यामुळे दोहोंमधला सांधा काडतुसाच्या ऐन मध्यावर येतो. बार होताच वेष्टन फुगून तो सांधा आतून बंद करते, आणि आपल्या पितळी नळीचे कामही हेच आहे. ती लांब असेल तर तिचे तोंड चेंबरच्या पुढच्या पायरीला टेकून बंदूक मिटू देत नाही, आणि फार आखूड झाली तर पुढे मोकळी जागा राहून तिथे काजळी साचते. चेंबरची खोली बंदुकीगणिक थोडी वेगळी असते, म्हणून दुसऱ्या मित्राचे माप त्याच्याच बंदुकीचे समजावे.

आधी एकच नळी घ्यावी. तिच्यात दारू नको, गोळी नको, आणि बंदुकीला टोपीही नको. नळीचे तोंड समईच्या ज्योतीवर धरून त्यावर काजळी चढवावी, ती आत घालून बंदूक हलक्या हाताने मिटवून पाहावी आणि काजळी कुठे पुसली गेली ते बघावे. कापायचे ते नेहमी तोंडाकडून. बुडाला भोक असते आणि तिथली जाडी कमी करणे योग्य नाही. लेथ असेल तर उत्तमच, नाहीतर लाकडी ठोकळ्यात नळी काटकोनात बसवून बारीक कानशीने घासावी. नळ गोल फिरवून कापण्याचे प्लंबरचे कटर मी टाळतो, कारण ते तोंड आत दाबते. प्रत्येक वेळी फार तर दशांश मिलिमीटर काढावे आणि पुन्हा बसवून पाहावे. बोटाच्या दाबाने बंदूक मिटली, पट्टी खुंटीवर सपाट बसली, की थांबावे. मग तोंडाची आतली-बाहेरली धार हळुवार मोडावी. ती राहिली तर शिशाची गोळी बसवताना खरवडली जाते.

यानंतर गोळी बसवून, अजूनही दारूविना, पुन्हा पाहावे. रिकाम्या नळीने मिटणारी बंदूक गोळीसह मिटत नसेल, तर गोळी बंदुकीच्या लांब नळीतल्या पेचदार खाचांना टेकते आहे. तेव्हा नळी कापणे हा उपाय नव्हे. गोळी खोल बसवावी किंवा आखूड गोळी घ्यावी. हा फरक न ओळखल्याने नवख्यांची पुष्कळ पितळ वाया जाते. गोळी आणि दारू यांच्यामध्ये पोकळी राहू देऊ नये. जागा उरलीच तर अमेरिकी नेमबाज गव्हाचा रवा भरतात, आणि तो चांगला उपयोगी पडतो. बिनधुराची दारू या बंदुकीत कधीही घालू नये.

पहिल्या नळीने मैदानावर दहा-बारा बार नीट काढले की मगच उरलेल्या चोवीस तिच्या मापाने कराव्यात. नळ्या त्याच दिवशी साबणाच्या गरम पाण्याने धुवाव्यात, कारण काळ्या दारूची राख हवेतील ओल धरून पितळ खाते. आपल्या घरी भांड्यांना लावतात तो चिंचेचा कोळ चालतो, पण थोडाच वेळ. जास्त वेळ आम्लात राहिलेल्या पितळेतील जस्त निघून जाते आणि ती लालसर पडते. अमोनिया असलेले उजळणीचे द्रव मात्र टाळावेत. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानात तबेल्यांजवळ साठवलेली पितळी काडतुसे पावसाळ्यात आपोआप तडकत, आणि घोड्यांच्या मुतातला अमोनिया त्याला कारण असल्याचा उलगडा १९२१ मध्ये झाला.