आठ घोड्यांची गाडी, त्यातले दोन झोपलेले

गेल्या अंकात शंभर ते दीडशे सीसीच्या गाड्यांबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं, तर एवढी पत्रं आली की दोन दिवस दुपारचं गॅरेज बंद ठेवून वाचत बसलो, तसंही भुसावळच्या उन्हात दुपारी गिऱ्हाईक येत नाही. चार प्रश्न मोठे घेतलेत, बाकीचे शेवटी उरकलेत, राग मानू नका.

प्रश्न : दादा, मी शिरपूरला डिप्लोमाला आहे. आजोबांची 2009 ची स्प्लेंडर माझ्याकडे आलीय. मित्रांच्या गाड्या 200 सीसी, आग्रा रोडला लागलं की ते दिसेनासे होतात अन मी आपला ट्रकचा धूर खात मागे. एक मेकॅनिक म्हणतो 150 चा पिस्टन टाकून देतो. टाकू का?

उत्तर : नको रे भावा. आधी हिशोब बघ, तू डिप्लोमावाला आहेस तुला कळेल. तुझ्या गाडीचा बोअर, म्हणजे सिलिंडरची रुंदी, 50 मिलिमीटर, अन स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, 49.5, त्याचे होतात 97.2 सीसी. नव्या पल्सर 150 चा बोअर किती? 56. म्हणजे फक्त सहा मिलिमीटर जास्त! मग तिचे बाकीचे सीसी आले कुठून, तर स्ट्रोकमधून, तो 60.7 आहे. स्ट्रोक ठरतो क्रँकवर, म्हणजे पिस्टनखालच्या फिरणाऱ्या दांड्यावर, अन क्रँक तुझा तोच राहणार. म्हणजे दीडशेचा पिस्टन कोंबला तरी गाडी दीडशेची होत नाही, सव्वाशेच्या आसपास अडकते, आणि तो कोंबायचा म्हणजे लायनर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, इतका पातळ होतो की उन्हाळ्यात एकदा गरम झाला की वाकडा. वर हेड तेच, व्हॉल्व्ह तेच, कार्ब्युरेटर तोच. नाक दाबून पळायला सांगितल्यासारखं.

कंपनीचे ओव्हरसाईज पिस्टन येतात ना, 25, 50, 75 आणि 100 चे, ते घासलेला सिलिंडर वाचवायला असतात, पॉवर वाढवायला नाही. शेवटचा 100 चा म्हणजे एक मिलिमीटर मोठा, तो टाकला तरी 97 चे 101 सीसी होतात. चार सीसी. आणि त्यानंतर त्या सिलिंडरला पुढे जागाच उरत नाही.

आता दुसरं, हे कोणी सांगत नाही. हवेशी भांडायला लागणारी ताकद स्पीडच्या घनाने वाढते. 80 ला जेवढी लागते त्याच्या जवळजवळ दुप्पट 100 ला लागते. म्हणून तुझ्या आठ घोड्यांत, म्हणजे हॉर्सपॉवरमध्ये, तू 10 टक्के घातले तरी टॉप स्पीड जेमतेम तीन टक्के वाढेल, 85 चे 87-88, बास. त्यापेक्षा हायवेला टाकीवर वाकून बसलास तर फुकटात जास्त मिळेल, दिसशील जरा वेडा, पण मिळेल.

आणि माझं तर म्हणणं, 2009 च्या गाडीत आज आठ घोडे आहेत तरी का, त्यातले दोन झोपलेले असतात. मेन स्टँडवर लाव, न्यूट्रल कर, मागचं चाक हाताने फिरव. किती फिरतं? अर्ध्यात थांबलं तर ब्रेक घासतोय नाहीतर चेन जास्त आवळलीय नाहीतर बेअरिंग गेलं. मग टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, ते गाडी पूर्ण थंड असताना सकाळीच करायचं, गरम गाडीवर टॅपेट लावणारा मेकॅनिक दिसला की उठून यायचं. प्लग काढून बघ, टोकाचा रंग ग्लुकोज बिस्किटासारखा पाहिजे, पांढरा असेल तर पेट्रोल कमी पडतंय, काळा काजळीसारखा असेल तर जास्त. किक मारताना दाब लागत नसेल तर कॉम्प्रेशन गेलं, व्हॉल्व्ह घासून घे, रिंग टाक. ह्या सगळ्याला त्या पिस्टनपेक्षा कमी पैसे लागतात आणि झोपलेले दोन उठून उभे राहतात, तुलाच पहिल्या दिवशी कळेल.

अन मित्रांचं म्हणशील तर शिरपूरच्या बाजारात त्यांची 200 तिसऱ्या गिअरच्या पुढे जाते का, बघ एकदा. त्यांना त्यांच्या गाडीचा निम्मा ॲक्सिलरेटर माहितीच नाही. तू तुझ्या गाडीचा सगळाच्या सगळा पिळतोस, रोज, प्रत्येक गिअरमध्ये, आणि तरी 60-65 च्याच स्पीडला असतोस, छोट्या गाडीची मजा ती हीच. वळणाआधी स्पीड घालवला की परत मिळवायला वेळ लागतो म्हणून माणूस आपोआप ओळ नीट पकडायला शिकतो. छोट्या इंजिनात दम नसतो असं नाही हं, 1960 च्या दशकात होंडाची 50 सीसी रेसची गाडी 20 हजार आरपीएमच्या (मिनिटाला फेरे) वर फिरायची, 14 घोडे काढायची, आणि सुझुकीच्या 50 सीसीला तर 14 गिअर होते! चौदा! कारण ताकद एवढ्याशा पट्ट्यात यायची की गिअर बदलत राहिल्याशिवाय गाडी पुढे सरकायचीच नाही. तसली गाडी घेऊन कॉलेजला जाशील का तू.

प्रश्न : मी शहाद्याची, तोरणमाळकडच्या शाळेवर शिक्षिका आहे, आठवड्याला दोनदा घाट चढते. गाडी 125 सीसी, कार्ब्युरेटरवाली, मागे बहुतेक वेळा सहकारी मैत्रीण असते. घाटात दुसऱ्या गिअरवर दम तोडते आणि पहिल्यात नुसती ओरडते. पुढचं स्प्रॉकेट बदलल्याने फरक पडतो असं ऐकलं, खरं का? मोठं टाकायचं की छोटं?

उत्तर : ताई, खरं आहे, आणि छोट्या गाडीत करण्यासारखं सगळ्यात शहाणपणाचं ट्यूनिंग हेच. स्प्रॉकेट म्हणजे चेन फिरवणारं दात्यांचं चाक, त्यातलं पुढचं छोटं टाकायचं. समजा तुमच्या गाडीला पुढे 14 दाते अन मागे 42 आहेत, तर भाग जातो 3. पुढे 13 केले तर 3.23, म्हणजे प्रत्येक गिअरमध्ये चाकावर सात-आठ टक्के जोर जास्त. उलट 15 केले तर 2.8, मग सपाटीला इंजिन निवांत फिरेल पण घाटात तुम्ही उतरून ढकलाल. पुढचा एक दाता म्हणजे मागचे साधारण तीन, हे लक्षात ठेवा. मी असतो तर पुढचं तसंच ठेवून मागे तीन दाते वाढवले असते, कारण पुढचं स्प्रॉकेट जेवढं छोटं तेवढी चेन जास्त मुरडते आणि लवकर जाते, पण मग चेनला एक-दोन कड्या जास्त लागतात आणि मागचं स्प्रॉकेट महाग पडतं. बजेट बघून ठरवा.

तोटा काय, तर शहादा-नंदुरबार रोडला त्याच स्पीडला इंजिन जास्त फिरेल, ॲव्हरेज थोडं उतरेल. तुमचं निम्मं जाणं-येणं घाटातलं आहे म्हणून परवडतं, रोज सपाटीला चालवणाऱ्याने हे करू नये.

आणखी एक. तोरणमाळ हजार मीटरच्या वर आहे, वर हवा विरळ होते अन दर हजार मीटरला इंजिनची साधारण 10 टक्के ताकद जाते, ही गाडीची चूक नाही. कार्ब्युरेटरला वरची हवा कमी झालेली कळत नाही, तो पेट्रोल तेवढंच सोडतो, म्हणून वर पोचेपर्यंत गाडी जड वाटते, प्लग काळा होतो. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या, म्हणजे 2020 च्या बीएस 6 प्रदूषण नियमानंतरच्या बहुतेक, हे आपलं आपण सांभाळून घेतात. उतरताना मात्र न्यूट्रल करून गाडी सोडू नका, हे तिथे मी कितीजणांना करताना पाहिलंय, पेट्रोल वाचतं म्हणे. सात पायऱ्यांच्या वळणांवर ड्रम ब्रेक तापला की लिव्हर दाबून पण गाडी थांबत नाही. दुसऱ्या गिअरवर उतरा. क्लच प्लेट पण एकदा बघून घ्या, चढाला आवाज वाढतो पण स्पीड वाढत नाही असं होत असेल तर स्प्रॉकेट नंतर, आधी प्लेट.

प्रश्न : रावेरला केळीची शेती आहे. मुलाने त्याच्या 150 ला एअर फिल्टरचा डबा काढून उघडा कोनवाला फिल्टर लावला आणि सायलेन्सर पण बदलला. म्हणतो पॉवर वाढली. मला तर फक्त आवाज वाढलेला दिसतो, पेट्रोल पण जास्त पितेय. पोलिसांनी एकदा अडवलं पण. काय समजावू?

उत्तर : नाना, तुमचं बरोबर आहे. नुसता सायलेन्सर बदलून पॉवर वाढत नाही, उलट कमी स्पीडचा जोर जातो, कारण पाईपची लांबी अन आतली रचना कंपनीने इंजिनच्या मापाने बसवलेली असते. आवाज मोठा झाला की मेंदूला गाडी फास्ट वाटते. मोबाईलवर स्टॉपवॉच लावा, एक किलोमीटर आधीच्या सायलेन्सरवर अन एक नव्यावर, पोराला स्वतःलाच बघू द्या, तुम्ही काही बोलू नका.

पण माझी खरी तक्रार फिल्टरवर आहे, कारण हे मी स्वतः करून बसलोय. पंचविशीत होतो, जिनिंगवर कामाला जायचो, कपाशीचा सिझन, रस्त्याला काळ्या मातीचा फुफाटा अन हवेत रुईचे तंतू. मी मोठ्या तोऱ्यात एअर फिल्टरचा डबा काढून फेकला, आवाज असा मस्त यायला लागला की काय सांगू, आठ दिवस मी हवेत. दिवाळीपर्यंत गाडी निळा धूर मारायला लागली. सिलिंडर काढून उन्हात धरला तर आत उभ्या रेघा, नख फिरवलं की प्रत्येक रेघेला अडकत होतं, अन पिस्टनच्या कडेला माती तेलात कालवून गिरणीतल्या पिठासारखी बारीक झालेली. बोअरिंग, पिस्टन, रिंग, सगळा खर्च, महिन्याचा पगार गेला. कंपनीच्या डब्याला आपण अडथळा समजतो, पण खान्देशात मार्च ते जून तो डबा आहे म्हणून इंजिन आहे. कागदी फिल्टर वेळेवर बदलायचा, फोमचा असेल तर धुवून, वाळवून, तेल लावून पिळून बसवायचा, एवढंच.

कायद्याचं सांगायचं तर कंपनीने दिलेल्यात असा बदल करणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये बसत नाही, मालकाला एकेका बदलामागे 5 हजारापर्यंत दंड होऊ शकतो, आणि आवाज-धुराच्या कलमात पहिल्याच वेळी 10 हजारापर्यंत, वर लायसन्स तीन महिने जाऊ शकतं. उद्या अपघात झाला तर विम्यावाले हेच कारण पुढे करतील ते वेगळंच. पोराला हौसच असेल तर त्याला चांगले टायर घेऊन द्या, नवे ब्रेक शू नाहीतर पॅड घेऊन द्या. पॉवर वाढवून जेवढी गाडी फास्ट होत नाही तेवढी चांगल्या टायर-ब्रेकवर होते, कारण वळणाला भीती कमी वाटते.

प्रश्न : भाऊ, मनी आरएक्स शंभर 1992 नी शे, दहा वरीस गोठामा उभी शे. पोऱ्या म्हनस विकी टाका, मी म्हनस चालू करसूत. काय करानं?

उत्तर : आप्पा, विकू नका! पोऱ्याला सांगा भाव वाढतोच आहे, घाई काय. 98 सीसी, टू स्ट्रोक, 11 घोडे अन वजन शंभर किलोच्या आसपास, 1985 ते 1996 एवढीच वर्षं निघाली, आणि आजही धुळ्यात एखादी गेली की चहाच्या टपरीवरचे सगळे मान वळवतात. तुमच्या वेळची फोर स्ट्रोक शंभरवाली सात-साडेसात घोड्यांची होती, दोन्ही चालवलेल्या माणसाला हा फरक सांगायला लागत नाही.

पण लगेच किक मारू नका, हात जोडतो. टू स्ट्रोकमध्ये क्रँकला दोन्ही बाजूला रबरी सील असतात, दहा वर्षात ती वाळून कडक झाली असणार. एका बाजूने हवा ओढली तर मिश्रण पातळ होऊन पिस्टन चिकटतो, दुसऱ्या बाजूने गिअरचं ऑईल ओढलं तर पांढरा धूर थांबतच नाही. आधी प्लग काढा, त्या भोकातून दोन चमचे टू-टी ऑईल सोडा, रात्रभर ठेवा, मग हाताने हळूच किक फिरवून बघा. फिरली तर अर्धं काम झालं. टाकी काढून आतला गंज झाडा, कार्ब्युरेटर उघडा, जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, स्वच्छ करा, पेट्रोलचे पाईप सगळे नवे टाका. सील बदलायला इंजिन पूर्ण खोलावं लागतं, तो खर्च टाळू नका. ऑईल पंपाची वायर तुटलेली असते बऱ्याचदा, तोपर्यंत पेट्रोलमध्येच टू-टी मिसळून चालवा. सायलेन्सरच्या आतली नळी काजळीने बुजलेली असेल, ती काढून जाळून साफ केली की गाडी एकदम मोकळा श्वास घेते.

पोर्टिंग करून देतो, म्हणजे सिलिंडरमधली भोकं घासून मोठी करतो, म्हणणारे भेटतील. एक्झॉस्टचं पोर्ट वर घासलं की वरच्या आरपीएमला पळते पण खालून मरते, आणि घासलेलं परत भरता येत नाही. 1992 चा ओरिजिनल सिलिंडर आहे तुमच्याकडे, त्याला कानस लावू देऊ नका. आणि 15 वर्षं कधीच उलटलीत म्हणून आरटीओत रजिस्ट्रेशन परत करून घ्या, नाहीतर रस्त्यावर काढता येणार नाही.

आता बाकीचे पटापट.

जळगावहून विचारलंय, इथेनॉलवाल्या पेट्रोलने जुनी गाडी कमजोर होते का. थोडी होते. पेट्रोलपेक्षा इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा तिसऱ्या हिश्श्याने कमी, म्हणजे 20 टक्के मिसळलं की सहा-सात टक्क्यांचा फरक हिशोबातच येतो. जुन्या कार्ब्युरेटरला मेन जेट एक नंबर मोठा टाकून बघा, आणि गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल काढून ठेवा, इथेनॉल पाणी ओढतं.

अमळनेरहून विचारलंय, उन्हाळ्यात जाड ऑईल टाकू का. पुस्तकात जे लिहिलंय तेच टाका, 10 डब्ल्यू 30 लिहिलं असेल तर तेच, फक्त लेव्हल दर पंधरा दिवसाला बघा. छोट्या इंजिनात ऑईल एक लिटरच्या आसपासच असतं, त्यातलं पाव लिटर गेलं तरी फार झालं.

चोपड्याहून विचारलंय, पहिली गाडी जुनी शंभरवाली घेतोय, काय बघू. सारंगखेड्याच्या जत्रेत घोडा घेणारा काय करतो, मालकाच्या बोलण्याकडे कान देत नाही, आधी चालवून बघतो. तसंच, पण एक पायरी आधीपासून. पोचल्या पोचल्या इंजिनला हात लावा. गरम लागलं तर तुम्ही यायच्या आधी चालू करून ठेवलंय, थंड इंजिनची खोड लपवायला. त्याला म्हणा गाडी राहू दे उभी, आधी चहा घेऊ. तासाभराने परत हात लावा, आणि मग पहिली किक त्याला मारू देऊ नका, तुम्ही मारा.