पंचविशीत जर्मनीला जाऊन तिकडेच संसार केला तर मुलं वाढवणं जड जातं का?

पैशाचं म्हणाल तर फारसं नाही. मी 24 व्या वर्षी म्युनिकला आलो, लेक इथलीच. 2025 मध्ये किंडरगेल्ड (सरकारी बालभत्ता) म्हणून मुलामागे महिना 255 युरो मिळत होते, आणि मूल वर्षाचं झालं की पाळणाघरात जागा मिळायचा कायद्याने हक्क आहे, पण तो कागदावर, आम्ही बायको गरोदर असतानाच नाव घातलं होतं तरी सात महिने वेटिंगवर लटकलो. जड जातं ते वेगळंच. बाळंतपणाला आई आली, शेंगेन व्हिसा 90 दिवसांचा, डिंकाचे लाडू डब्यात भरून ठेवून गेली नि घर एकदम गप्प झालं. आता लेक व्हिडिओ कॉलवर मराठी बोलता बोलता मध्येच 'आजी, वार्टे माल' म्हणते (म्हणजे थांब जरा), आजी विचारते, कुठला माल आलाय गं?