चंद्रावर आदळते ती उल्का की अशनी?

प्रश्न असा आहे : ‘चंद्रावर उल्का आदळली आणि खगोलशास्त्रज्ञांनी ती पाहिली’ हे वाक्य बरोबर आहे का, की तिथे ‘अशनी’ हवं?

काटेकोर बोलायचं तर ‘उल्का’ नको. अवकाशातला खडा हवेत शिरून पेटतो आणि आपल्याला उजेडाची रेघ दिसते, ती उल्का. चंद्रावर हवाच नाही म्हटल्यावर रेघ कुठून येणार? तिथे बारीकसा खडाही पूर्ण वेगाने थेट जमिनीवर धडकतो.

मग अशनी? पृथ्वीवर जळून उरतो आणि खाली पडतो त्या दगडाला आपण अशनी म्हणतो. चंद्रावर मात्र सेकंदाला वीस-पंचवीस किलोमीटर वेगाने आलेल्या दगडाचा बराचसा भाग धडकेतच वितळतो, त्याची वाफ होते. (अगदीच काही उरत नाही असं नव्हे. अपोलो १२ ने आणलेल्या मातीत अशनीचा एक तुकडा सापडला होता.) तरी दोहोंत निवडायचं तर मी ‘अशनी’ घेईन. संस्कृतात उल्का म्हणजे जळतं कोलीत आणि अशनि म्हणजे वज्र. चंद्रावर जे घडतं ते वज्राच्या जातीचं. घटनेला ‘अशनिपात’ म्हणावं; समासात ‘नि’ ऱ्हस्व.

खरी गडबड ‘पाहिली’ या क्रियापदात आहे. दगड कुणालाच दिसत नाही. दिसते ती चंद्राच्या अंधाऱ्या भागावर उठलेली चमक, तीही बहुतेक वेळा सेकंदाच्या एखाद्या अंशापुरती. १७ मार्च २०१३ ला नासाच्या दुर्बिणीने अशी एक ठळक चमक टिपली. तिच्या तेजावरून दगड सुमारे ४० किलोचा असावा, असं गणित निघालं. पुढे चंद्राभोवती फिरणाऱ्या एलआरओ यानाच्या छायाचित्रांत त्या भागात सुमारे १८ मीटर रुंदीचं ताजं विवर सापडलं. २१ जानेवारी २०१९ च्या खग्रास चंद्रग्रहणातही अशीच चमक अनेकांच्या कॅमेऱ्यांत उमटली.

म्हणून मी लिहीन : ‘चंद्रावर अशनी आदळल्याची चमक खगोलशास्त्रज्ञांनी टिपली.’

‘उल्कावर्षाव’ला मात्र सूट द्यावी लागते. चंद्रावरच्या अशा चमका पहिल्यांदा खात्रीने नोंदल्या गेल्या त्या नोव्हेंबर १९९९ मध्ये, सिंह उल्कावर्षावाच्या वेळी. ते टेम्पल-टटल धूमकेतूने मागे सोडलेल्या कणांच्या प्रवाहाचं रूढ नाव आहे, त्यामुळे ‘सिंह उल्कावर्षावातले कण चंद्रावर आदळले’ हे चालेल.