अमेरिकेत कॉलेजच्या बास्केटबॉल कोचला एवढा मान का? अशी कारकीर्द घडते तरी कशी?

कॉलेजच्या पोरांना खेळ शिकवणारा माणूस म्हणजे शेवटी पीटीचे सरच, मग ड्यूक विद्यापीठाचे कोच राहिलेले माइक शेशेव्स्की ऊर्फ ‘कोच के’ यांचं एवढं कौतुक कशासाठी, असं तुम्ही विचारलंय. मी नॉर्थ कॅरोलिनात राहतो. इथे तुम्ही ड्यूकचे की कॅरोलिनाचे (म्हणजे चॅपल हिलच्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचे), हे नव्या माणसाला विचारल्याशिवाय सोडत नाहीत, त्यामुळे हा विषय कानावर पडतच राहतो.

पैशाचं आधी उरकतो. कॉलेज बास्केटबॉलच्या मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेचे 14 वर्षांचे प्रक्षेपण हक्क 2010 मध्ये 10.8 अब्ज डॉलरना विकले गेले. खेळाडूंना तेव्हा शिष्यवृत्ती मिळायची, पगार नाही. त्यामुळे आलेल्या पैशातला मोठा वाटा कोचच्या पगारात गेला. आजही अनेक राज्यांत सर्वाधिक पगाराचा सरकारी नोकर गव्हर्नर नसतो. सरकारी विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉल कोच असतो. (ड्यूक खासगी आहे, पण तिथेही हात आखडता घेत नाहीत.)

मानाचं कारण वेगळं. कॉलेजचा खेळाडू फार तर चार वर्षं राहतो, मग जातो. राहतो तो कोच. पुढच्या खेपेची मुलंही त्यानेच शोधायची, त्यांच्या घरी जाऊन आईवडिलांना पटवायचं. याला इथे रिक्रूटिंग म्हणतात, आणि निम्मी कारकीर्द त्यातच ठरते.

कोच के शिकागोच्या एका पोलिश कुटुंबातले. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत कोच बॉब नाइट यांच्या हाताखाली खेळले, काही वर्षं सैन्यात काढली, इंडियाना विद्यापीठात नाइट यांचे सहायक झाले आणि 1975 मध्ये आर्मीचेच, म्हणजे वेस्ट पॉइंटच्याच संघाचे हेड कोच. तिथला शेवटचा मोसम 9 विजय, 17 पराभव असा होता. तरीही 1980 मध्ये ड्यूकचे क्रीडा संचालक टॉम बटर्स यांनी त्यांना बोलावलं.

खरी गोष्ट पुढच्या तीन वर्षांची आहे. त्या तीन मोसमांत 38 विजय, 47 पराभव. हाकेच्या अंतरावरच्या चॅपल हिलमध्ये कॅरोलिनाचे कोच डीन स्मिथ 1982 मध्ये मायकेल जॉर्डनसह विजेते ठरले. शेजारच्याच एनसी स्टेट विद्यापीठाने जिम वल्वानो यांना त्याच 1980 च्या मार्चमध्ये नेमलं होतं, त्यांनी 1983 मध्ये विजेतेपद आणलं. आणि 1983 च्याच मार्चमध्ये ड्यूक व्हर्जिनियाकडून 109-66 असा हरला. 43 गुणांनी! देणगीदार हकालपट्टी मागत होते. त्या रात्री जेवताना कुणीतरी ‘ही रात्र विसरूया’ म्हणून ग्लास उचलला, तर कोच के म्हणाले, ‘कधीच विसरायची नाही’. पुढच्या मोसमाच्या पहिल्या सरावाला गुणफलकावर 109-66 हेच आकडे लावलेले होते.

बटर्स यांनी काय केलं? 1984 च्या जानेवारीत करार वाढवून दिला. माझ्या मते या कारकिर्दीतला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय कोच के यांचा नाही, बटर्स यांचा आहे. तो 43 गुणांचा मार खाणाऱ्या संघात जॉनी डॉकिन्स, मार्क अलारी, जे बिलास ही पहिल्या वर्षाची मुलं होती. तीच मुलं 1986 मध्ये शेवटच्या वर्षाला असताना संघ 37 विजय, 3 पराभव असा खेळला आणि थेट अंतिम सामन्यात लुइव्हिलकडून हरला.

पुढचं तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल: 1991, 1992, 2001, 2010 आणि 2015 ची विजेतेपदं, अमेरिकेच्या संघासोबत तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं, 2022 मध्ये निवृत्ती, एकूण 1202 विजय. एक गोष्ट मात्र मला खटकते. 1994-95 च्या मोसमात पाठीच्या दुखण्यामुळे ते मध्येच बाजूला झाले. उरलेल्या सामन्यांतले 15 पराभव सहायक पीट गॉडेट यांच्या नावावर लागले. संघ कोच के यांनी बांधलेला, हिशेब गॉडेट यांचा. भक्तांना हे बोललेलं आवडत नाही.

शेवटच्या मोसमात घरच्या मैदानावरचा निरोपाचा सामना कॅरोलिनाने जिंकला, आणि महिन्याभरात फायनल फोरमध्येही (राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत) कॅरोलिनानेच 81-77 असं हरवलं. आमच्या भागात यावरून अजून चिमटे काढतात.

आता असं कुणाचं होईल का? मला नाही वाटत. आज खेळाडू वर्षाच्या शेवटी सहज दुसऱ्या कॉलेजात जाऊ शकतात, 2021 पासून स्वतःच्या नावावर पैसेही कमावतात. आजचे नियम असते, तर 11-17 च्या त्या 1983 च्या मोसमानंतर डॉकिन्स आणि बिलास ड्यूकमध्ये थांबले असते का? व्हर्जिनियाला 2019 चं विजेतेपद मिळवून देणारे टोनी बेनेट 2024 मध्ये मोसम तोंडावर असताना पंचावन्नाव्या वर्षी बाहेर पडले. या नव्या व्यवस्थेत आपण बसत नाही, असं त्यांनी उघड सांगितलं. ड्यूकमध्ये कोच के यांची जागा घेतलेले जॉन शायर त्यांचेच शिष्य, 2010 च्या विजेत्या संघातले. त्यांचा तिसरा मोसम 35-4 असा गेला, तोही कूपर फ्लॅग या एकाच वर्षासाठी आलेल्या मुलाच्या जोरावर. पुढच्या वर्षी त्यांना संघ पुन्हा नव्याने जमवावा लागला.