पक्षपात शोधायला निघालात? आधी एवढं करा

बातम्यांच्या आणि संस्थांच्या भाषेतला पक्षपात शोधायचा उत्साह चांगला आहे, पण पहिल्याच आठवड्यात निकाल देऊन मोकळे होऊ नका.

एक, मूळ कागद वाचा. स्टॅनफर्ड विद्यापीठातली 'टाळायच्या शब्दां'ची यादी डिसेंबर २०२२ मध्ये गाजली. त्यात 'अमेरिकन'ऐवजी 'यूएस सिटिझन' सुचवलं होतं. 'विद्यापीठाने शब्दावर बंदी घातली' म्हणून बोंब उठली. मीही तावातावाने चार परिच्छेद खरडले. मग यादी उघडली: आयटी विभागाची, विद्यापीठाच्या वेबसाइट आणि कोडसाठी. विद्यार्थ्यांच्या निबंधांशी संबंधच नाही! (यादी अतिरेकी होतीच, जानेवारी २०२३ मध्ये ती मागेही घेतली.) नियम कुणाला लागू, हे आधी बघा.

दोन, एका बातमीवरून ठरवू नका. बीबीसी 'दहशतवादी' हा शब्द सहसा स्वतःच्या तोंडी घेत नाही, कोण म्हणालं ते सांगते. ऑक्टोबर २०२३ मध्ये हमासने इस्रायलवर हल्ला केला, तेव्हाही हमासला 'दहशतवादी' न म्हटल्यावरून बीबीसीवर टीका झाली. तुम्ही लंडनमधल्या हल्ल्यांच्या बातम्याही काढा, शेजारी ठेवून वाचा. नियम दोन्हीकडे सारखा पाळलाय का?

आणि आपल्या आवडत्या चॅनेललाही हीच फूटपट्टी लावा. बहुतेक नवखे इथेच गळतात.

शब्द मोजणारी सॉफ्टवेअरं नंतर बघू. सध्या एक वही पुरे.