सही करण्याआधी ती चाळीस पानं वाच

मृण्मयी,

तू विचारलंस, "ताई, कॉलेजने विद्यार्थ्यांचे हक्क, जबाबदाऱ्या आणि वर्तणुकीचे नियम असं चाळीस पानी पुस्तक पाठवलंय. वाचून सही करा म्हणतात. बाबा म्हणतात, प्रॉस्पेक्टसमध्ये असतं तसलंच असणार, टाक करून. खरंच वाचायला हवं का?"

वाच. सगळं वाच, आणि बाबांनाही वाचून दाखव, कारण त्यातल्या एका नियमाचा त्यांच्याशी थेट संबंध आहे. तू कॅलिफोर्नियातल्या सरकारी कम्युनिटी कॉलेजात चालली आहेस. मीही दोन वर्षं अशाच एका कॉलेजात काढून पुढे विद्यापीठात गेले, म्हणून तिथलंच सांगते.

आपल्याकडे काही बिनसलं तर काय करतात, ते तुला माहीत आहे. वडिलांना घेऊन प्राचार्यांच्या केबिनबाहेर उभं राहायचं, "सर, चूक झाली, पुन्हा होणार नाही" म्हणायचं, साहेब चार शब्द सुनावतात आणि विषय मिटतो. तिथे हे दोन्ही उपाय चालत नाहीत. मला ते ठेच लागल्यावर कळलं.

पहिल्याच सत्रात प्रोग्रॅमिंगच्या वर्गात मी माझी असाइनमेंट रूममेटला दिली. सांगलीत डिप्लोमा करताना आम्ही जर्नल एकमेकींचं बघूनच छापायचो, न देणारी मुलगी घमेंडखोर ठरायची. तिने माझं जसंच्या तसं उतरवलं. आठवड्याने डीनच्या ऑफिसातून मला ईमेल आली: तुम्ही दुसऱ्या विद्यार्थिनीचं काम उतरवल्याचा आरोप आहे, आरोप मान्य आहे की सुनावणी हवी? मी घाबरून दहा मिनिटांत उत्तर धाडलं, "सॉरी सर, माझी चूक झाली, माफ करा." झालं. त्यांच्या लेखी मी आरोप मान्य केला होता. मी उतरवलं नव्हतं, मी दिलं होतं, पण माझ्या माफीत ते कुठे होतं? त्या रात्री पहिल्यांदा नियमांचं पुस्तक उघडलं. अपिलाची मुदत अजून शिल्लक होती. शेवटच्या दिवशी लेखी अर्ज केला, तारखांसह माझ्या फाइलींचे जुने मसुदे जोडले, सुनावणीत शांतपणे सांगितलं. आरोप बदलला. दिल्याबद्दल त्या असाइनमेंटला शून्य आणि लेखी ताकीद मिळाली, आणि ती मला मिळायलाच हवी होती. देणाराही तितकाच दोषी, असं त्या पुस्तकात स्पष्ट छापलेलं होतं. मी ते वाचलं नव्हतं, एवढंच.

म्हणून अशी ईमेल आली तर आधी चार गोष्टी विचार: नेमका आरोप काय, पुरावा काय, उत्तराची मुदत किती, आणि सोबत कोणाला आणता येईल. हे विचारणं म्हणजे उर्मटपणा नव्हे. खोटं मात्र एक शब्दही बोलू नकोस. जे केलंस ते मान्य कर, पण जे केलंस तेवढंच. तिथे गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागत नाही. घडलं नसण्यापेक्षा घडलं असण्याची शक्यता जास्त दिसली, तर सहसा तेवढं पुरतं. तेव्हा प्रत्येक लिखाणाचे मसुदे जपून ठेव. एआयने लिहून घेतलेलं चालेल का, हे प्रत्येक प्राध्यापकाच्या सिलॅबसमध्ये, म्हणजे वर्गाच्या माहितीपत्रकात, वेगवेगळं असतं. एका वर्गात चालतं म्हणून दुसऱ्यात चालेल असं धरू नकोस.

सुनावणीचा हा हक्क कोणी आपण होऊन दिलेला नाही. १९६० मध्ये अलाबामातल्या एका सरकारी कॉलेजातल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी माँटगोमेरीच्या कोर्टाच्या इमारतीतल्या, फक्त गोऱ्यांसाठीच्या उपाहारगृहात बसून निषेध केला, आणि कॉलेजने त्यांना काही न विचारता काढून टाकलं. १९६१ साली फेडरल अपील न्यायालयाने सांगितलं की सरकारी कॉलेजला विद्यार्थ्याला काढायचं तर आधी नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागेल. कॅलिफोर्नियात कोणाच्या जिवाला धोका आहे म्हणून तडकाफडकी निलंबित केलं, तरी दहा दिवसांत सुनावणी द्यावी लागते. वर्गात गोंधळ घातल्याबद्दल प्राध्यापक फार तर त्या दिवसापुरतं आणि पुढच्या एका तासाला बाहेर ठेवू शकतात.

आता बाबांचं. १९७४ च्या फेर्पा, म्हणजे विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेच्या, फेडरल कायद्याप्रमाणे कॉलेजात पाऊल ठेवलं की तुझ्या नोंदींवरचा हक्क तुझा, वय सतरा असलं तरी. बाबांनी नाशिकहून फोन करून "मुलीचे मार्क्स काय आहेत?" विचारलं, तर तुझ्या लेखी संमतीशिवाय सहसा सांगत नाहीत. त्यांना हा अपमान वाटेल, म्हणून आधीच समजावून सांग. तुला स्वतःला मात्र तुझी फाइल बघायला मागता येते, आणि कॉलेजने ती ४५ दिवसांच्या आत दाखवावी लागते.

मार्क कमी पडले म्हणून रीचेकिंगचा फॉर्म भरावा तसं तिथे नाही. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात प्राध्यापकाने दिलेली ग्रेड अंतिम असते. चूक, लबाडी, आकस किंवा अपात्रता दाखवता आली तरच ती बदलते. बेरीज चुकली असेल तर जरूर जा. "मला वाटतं मी जास्त चांगलं लिहिलं होतं" याला काही अर्थ नाही.

फोनवर लेक्चर रेकॉर्ड करायची तुला सवय असेल. तिथे प्राध्यापकाची आधी परवानगी न घेता वर्गात रेकॉर्डिंग करणं कायद्यानेच मना आहे. डिस्लेक्सियासारखी अडचण असेल तर अपंग विद्यार्थी सेवा विभागाकडून रेकॉर्डिंगची किंवा परीक्षेत जास्त वेळेची सोय रीतसर मिळते, पण सत्राच्या सुरुवातीला माग. नापास झाल्यावर मागे जाऊन काही मिळत नाही. आपल्याकडे अशा गोष्टी लपवतात. तिथे लपवू नकोस.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: स्थानिक मुलीला निलंबन झालं तर तिचं एक सत्र जातं. तुझा एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसाचा दर्जा जाऊ शकतो. तुला दर नियमित सत्रात किमान १२ क्रेडिट घ्यावीच लागतात, आणि त्यांत ऑनलाइन वर्ग एकच मोजला जातो. विषय जड जातोय म्हणून वर्गमैत्रीण खुशाल ड्रॉप करेल. तू परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसातल्या डीएसओला, म्हणजे व्हिसाचं बघणाऱ्या कॉलेजच्या अधिकाऱ्याला, विचारल्याशिवाय करू नकोस. आजारपण असेल तर डॉक्टरांच्या पत्रावर कमी क्रेडिटची परवानगी मिळते, पण ती आधी, ड्रॉप केल्यावर नाही. पत्ता बदलला तर दहा दिवसांत कळव. काम कॅम्पसवरच, सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत. देशी दुकानात रोख पैशांवर काम देऊ करणारे भेटतील, "सगळेच करतात" म्हणतील. तू करू नकोस, हे मी हात जोडून सांगते. गांजाचंही तसंच. कॅलिफोर्नियात २१ वर्षांवरच्यांना तो कायदेशीर आहे, पण फेडरल कायद्यात नाही, कॅम्पसवर नाही, आणि परदेशी नागरिकाला तर तो फार महाग पडू शकतो.

पुस्तक उघडलंस की आधी मुदती शोध: अपिलाची, तक्रारीची, विषय सोडण्याची. त्या कॅलेंडरवर लिही. मग जे कळणार नाही त्या पानांचे फोटो काढून मला पाठव. शनिवारी तुझ्याकडे रात्री साडेआठ म्हणजे माझी सकाळ, फोनवर बसून एकेक कलम वाचू. बाबांनाही बसव. सही त्यानंतर कर.